उंची, वय आणि गणित : मुंबईतील शाळकरी मुलांच्या संदर्भात एका सहसंबंधाची चिकित्सा

संख्याशास्त्राच्या प्रारंभिक अध्यापनात एक उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते. एखाद्या शाळेतील पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सर्व मुलांची उंची मोजावी, त्या सर्वांना अंकगणिताची एकच प्रश्नपत्रिका द्यावी आणि या दोन मापांचा सहसंबंध काढावा. उंच मुलांना अधिक गुण मिळाल्याचे दिसून येते. विद्यार्थी हसतात, अध्यापक फळ्यावर 'वय' हा शब्द लिहितात आणि तास पुढे सरकतो. सातवीतला मुलगा पहिलीतल्या मुलापेक्षा उंच असतो आणि त्याला हातच्याची वजाबाकीही येते, यात नवल ते काय?

हे उदाहरण जेथे संपले असे समजले जाते तेथेच ते खऱ्या अर्थाने सुरू होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वयाचा प्रभाव वगळल्यानंतरही उंची आणि गणित यांच्यात थोडासा संबंध उरतो. हा उरलेला अंश किती खरा आणि किती आपल्या नोंदवह्यांतील चुकांमधून उपजलेला, आणि जेवढा खरा आहे तेवढ्याचा अर्थ काय, हे दोन प्रश्न गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील शाळांतून माहिती गोळा करू इच्छिणाऱ्या संशोधकास टाळता येणार नाहीत.

प्रथम वयाचा हिशोब पाहू. केवळ स्पष्टीकरणासाठी काही आकडे कल्पिले आहेत. समजा, उंची व गुण यांचा सहसंबंध-गुणक ०.६० आहे, उंची व वय यांचा ०.८० आणि वय व गुण यांचा ०.७०. आंशिक सहसंबंध काढण्याची रीत, जिची मांडणी विसाव्या शतकाच्या प्रारंभी यूल यांनी सुकर केली, ती सर्वांच्या परिचयाची आहे. पहिल्या गुणकातून उरलेल्या दोहोंचा गुणाकार वजा करावयाचा, म्हणजे ०.६० मधून ०.५६ गेले, बाकी ०.०४. या बाकीस (१ − ०.६४) आणि (१ − ०.४९) यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ०.४३ ने भागावयाचे. उत्तर ०.०९ येते. जो संबंध ०.६० म्हणून डोळ्यांत भरत होता तो वय स्थिर धरताच जवळजवळ नाहीसा झाला. पाठ्यपुस्तकातील उदाहरण येथे संपते.

परंतु या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : वय आपणांस बिनचूक ठाऊक आहे. मुंबईच्या शाळांच्या जुन्या नोंदवह्या ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना या गृहीतकाचे मोल सांगावयास नको. १ जून ही महाराष्ट्रातील असंख्य माणसांची जन्मतारीख आहे. शाळा जून महिन्यात सुरू होत, मुलाचे नाव घालावयास आलेल्या आईबापांजवळ जन्माचा दाखला नसे, आणि गुरुजी प्रवेशाच्या हिशोबाने वर्ष ठरवून १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. गिरणगावातील कित्येक मुलांचा जन्म रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील आजोळी झालेला, नोंद झाली असलीच तर गावच्या दप्तरी झालेली, आणि ती मिळविण्यासाठी गिरणीतून रजा काढून गावी जाणे कोणास परवडणार? त्यामुळे वर्षदीड वर्षाची चूक ही अपवादात्मक बाब नव्हती.

या चुकीचा परिणाम गणिताने पाहता येतो. वरील उदाहरणात खरे वय आणि नोंदलेले वय यांचा सहसंबंध ०.९० आहे व चुका कोणत्याही एका दिशेच्या नाहीत, असे समजू. ०.९० हा गुणक मोठा आहे. पुष्कळ संशोधक त्यावर संतोष मानतील. आता उंची व नोंदलेले वय यांचा सहसंबंध ०.७२ होईल आणि नोंदलेले वय व गुण यांचा ०.६३. पुन्हा तीच रीत वापरली असता उत्तर सुमारे ०.२७ येते. ज्या ठिकाणी खरा संबंध ०.०९ होता त्या ठिकाणी केवळ हजेरीपटातील तारखांमुळे तिप्पट संबंध 'सापडला'. नमुना हजार मुलांचा असेल तर हा गुणक संख्याशास्त्रीय कसोटीवर सहज उतरेल, प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिले जाईल, आणि त्या प्रकरणाचा खरा विषय दाखल करून घेणाऱ्या लेखनिकाची सवय हा असेल. नमुना वाढविल्याने ही चूक कमी होत नाही; उलट ती अधिक आत्मविश्वासाने मांडली जाते.

ही चूक एवढी मोठी का ठरते हेही पाहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ-कोष्टकानुसार नऊ वर्षांच्या मुलाची मध्यस्थ उंची सुमारे १३२ ते १३३ सेंटिमीटर असून त्या वयाचे प्रमाणित विचलन सुमारे ६ सेंटिमीटर आहे. या वयात मूल वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. म्हणजे वयात एका वर्षाची चूक झाली तर उंचीच्या बाबतीत ती जवळजवळ एका प्रमाणित विचलनाएवढी ठरते. नोंदीप्रमाणे नऊ वर्षांचा पण प्रत्यक्षात दहा वर्षांचा मुलगा आपणांस 'वयाच्या मानाने उंच' दिसेल आणि गणितातही बरा दिसेल. दोन्ही दिसणे एकाच कारणाचे.

याहून अवघड प्रकार आणखी एक आहे. मूल शाळेत घालण्याजोगे झाले की नाही हे पाहण्यासाठी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का, हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे होती. जेथे वय असे अंगावरून ठरविले गेले, तेथे नोंदलेले वय हे काही अंशी उंचीचेच दुसरे नाव झाले. अशा वयाचा प्रभाव वगळणे म्हणजे उंचीतूनच थोडी उंची वगळणे होय. तेथे चूक कोणत्या दिशेने जाईल हे आधी सांगता येत नाही. आजच्या मुलांच्या बाबतीत ही अडचण पुष्कळच कमी झाली आहे. १९६९ च्या कायद्यान्वये जन्मनोंदणी बंधनकारक झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मदाखला हाच शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. परंतु जुन्या नोंदींवर काम करणाऱ्यास यातून सुटका नाही.

आता एकच इयत्ता घेऊ. अनेक विद्यार्थी असे समजतात की एका वर्गापुरता अभ्यास केला म्हणजे वयाचा प्रश्न आपोआप सुटला. वस्तुस्थिती अशी की तेथे तो प्रश्न वेष पालटून येतो. ज्या काळी नापास मुलास त्याच वर्गात बसविले जाई त्या काळच्या चौथीच्या वर्गात सर्वांत उंच मुलगा बहुधा कोण असे? दोनदा नापास झालेला, मागच्या बाकावरचा. वर्गातील सर्वांत उंच मुलगा सर्वांत थोरला होता आणि गणितात कच्चा होता म्हणूनच तेथे होता. म्हणजे शाळा एकत्र धरली तर उंची व गणित यांचा संबंध धन, आणि एकेक वर्ग वेगळा धरला तर तोच संबंध ऋण, असे एकाच शाळेत घडू शकते. एकत्रित व विभक्त कोष्टकांतील या विसंगतीची चर्चा सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये केली असून ती आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास मागे ठेवण्यास बंदी केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत त्यातून मुभा दिली. त्यामुळे २०१० पूर्वीच्या आणि नंतरच्या वर्गांतील सहसंबंधांची तुलना करताना आपण मुलांची तुलना करीत आहोत की कायद्यांची, हे संशोधकाने स्वतःस विचारावे.

मुलगे व मुली एकत्र धरण्याने होणारा घोटाळा त्या मानाने सहज टाळता येण्यासारखा आहे. मुलींची वाढीची उसळी मुलग्यांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येते. बाराव्या वर्षी मुली सरासरीने मुलग्यांपेक्षा किंचित उंचच असतात. सहावी-सातवीच्या वर्गात उंची ही पुष्कळ अंशी कोण लवकर वयात आले याची खूण असते. म्हणून दोन्ही गट वेगळे ठेवावेत.

वस्तीचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. गिरगावातील वाड्या व चाळी ही प्रामुख्याने कारकून, शिक्षक, मुद्रक, पेढीवरील नोकर अशांची वस्ती होती. दादर-माटुंग्याचा बराच भाग १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार न्यासाने आखून वसविला. परळ-लालबाग हा गिरण्यांचा प्रदेश. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत तेथील घराघरांचे घड्याळ भोंग्यावर चाले. या तिन्ही ठिकाणच्या शाळांतून प्रत्येकी शंभर मुले घेऊन ती एकत्र केली आणि प्रत्येक शाळेत उंची व गणित यांचा काहीही संबंध नसला, तरीसुद्धा ज्या वस्तीतील मुले सरासरीने उंच तीच सरासरीने गणितात पुढे असतील तर एकत्रित सहसंबंध धन येईल. तो वस्त्यांचा सहसंबंध असेल, मुलांचा नव्हे.

एवढे सर्व वगळल्यावर काही उरते काय? उरते, आणि ते वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळी, पुन्हा पुन्हा उरलेले आहे. १८९३ मध्ये विल्यम टाउनसेंड पोर्टर यांनी अमेरिकेतील सेंट लुई येथील सुमारे तेहतीस हजार शाळकरी मुलांची मापे प्रसिद्ध केली. एकाच वयाची मुले घेतली तर वरच्या इयत्तेत असलेली मुले खालच्या इयत्तेतील मुलांपेक्षा उंच व वजनदार असतात, असे त्यांना आढळले. पोर्टर यांनी या दोन गटांस 'तल्लख' व 'मंद' अशी नावे दिली. १८९५ मध्ये फ्रांझ बोआस यांनी त्यावर घेतलेला आक्षेप आजही वाचनीय आहे. ही मुले तल्लख किंवा मंद नसून त्यांची एकूण वाढ पुढे गेलेली किंवा मागे पडलेली आहे, एवढेच त्या मापांवरून म्हणता येते, असे त्यांचे म्हणणे होते. पोर्टर यांचे आकडे टिकले. त्यांनी दिलेली नावे टिकली नाहीत, हे योग्यच झाले.

अलीकडच्या काळात ॲन केस व क्रिस्टिना पॅक्सन यांनी २००८ मध्ये ब्रिटन व अमेरिकेतील माहितीच्या आधारे असे दाखविले की उंच मुले बौद्धिक चाचण्यांत वयाच्या तिसऱ्या वर्षीच, म्हणजे शाळेचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच, सरासरीने पुढे असतात. भारतापुरते पाहावयाचे तर डीन स्पिअर्स यांचा २०१२ चा निबंध महत्त्वाचा आहे. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात सुमारे चाळीस हजार कुटुंबांची पाहणी झाली आणि मुलांच्या शरीरमापांबरोबर त्यांच्या वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्याही घेतल्या गेल्या. उंची व शैक्षणिक संपादन यांमधील चढ भारतात अमेरिकेपेक्षा दुपटीहून अधिक तीव्र आहे, असे स्पिअर्स यांना आढळले. लेखनाच्या बाबतीत त्यांनी दिलेले आकडे असे : उंची एका प्रमाणित विचलनाने अधिक असली तर लिहिता येण्याची शक्यता ५ टक्केबिंदूंनी अधिक, घरची परिस्थिती व बालपणीच्या इतर बाबी हिशोबात धरल्यावर हा फरक ३.४ वर येतो. तो कमी होतो, पण शून्य होत नाही.

भारतातच हा चढ अधिक तीव्र का असावा? याचे उत्तर या सर्व विषयाचे मर्म आहे. ज्या समाजात सर्व मुलांना पोटभर अन्न मिळते आणि लहानपणीची दुखणी थोडक्यात बरी होतात, तेथे कोण उंच व कोण ठेंगणा हे बव्हंशी आईबापांच्या उंचीवरून ठरते, आणि अशा उंचीचा अपूर्णांकांशी काही संबंध असण्याचे कारण नाही. ज्या समाजात पुष्कळ मुलांची वाढ पहिल्या दोन वर्षांतच अन्नाअभावी व वारंवारच्या हगवणीने खुंटते, तेथे उंचीतील फरकांचा मोठा भाग या खुंटण्याचा असतो. मेंदूची वाढही त्याच दोन वर्षांत वेगाने होत असते. म्हणजे उंची हे कारण नसून आधी घडून गेलेल्या गोष्टींचा दाखला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. त्यापूर्वीच्या फेरीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. तेव्हा आपल्या राज्यात उंचीची पट्टी अद्याप बरेच काही सांगते, ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

गिरणगावात या दाखल्याचा अर्थ समजून घेण्यास फार दूर जावयास नको. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे एकूण २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. नळ व शौचकूप सामाईक. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील कामगार व घरे यांविषयीच्या ग्रंथात एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण भयंकर म्हणावे इतके मोठे दिलेले आहे. त्या आकड्यांवरही आपण वर पाहिलेलाच आक्षेप येतो : बायका बाळंतपणास गावी जात, मूल घेऊन परतत, आणि जन्माची नोंद कोकणात तर मृत्यूची मुंबईत होई. छेद लहान झाल्याने प्रमाण फुगे. तरीही दूषित पाणी व दाटी यांनी मुले मरत होती हे खोटे ठरत नाही. आणि जी मुले त्याच खोल्यांत तीच दुखणी सोसून जगली त्यांच्या उंचीवर त्याची खूण राहिली असणार, हा तर्क अवाजवी नाही.

उंची हा दाखला आहे, कारण नव्हे, याची सर्वांत स्पष्ट प्रचीती प्रत्यक्ष प्रयोगांतून येते. ग्वातेमालातील चार खेड्यांत १९६९ पासून १९७७ पर्यंत दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि दोन खेड्यांतील मुलांना प्रथिने नसलेले साधे पेय देण्यात आले. ज्यांना ही पेज अगदी लहानपणी मिळाली त्यांची उंची वाढली, आणि मोठेपणी वाचनाच्या व इतर बौद्धिक चाचण्यांतही ती पुढे राहिली. दोन्ही गोष्टी एकाच पेल्यातून आल्या. याच्या उलट, जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर झालेला प्रयोग पाहावा. काहींना पूरक दूध दिले, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईस मुलाशी खेळावे कसे, बोलावे कसे हे दाखवी, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना काहीच नाही. दुधाने त्या वेळी उंची वाढली, परंतु बुद्धीवरील त्याचा परिणाम पुढे ओसरला. खेळाने उंचीत काहीच फरक पडला नाही. पण त्या मुलांच्या बुद्धीवरील त्याचा परिणाम तारुण्यापर्यंत टिकला.

मुंबईतही याला समांतर असा पुरावा आहे, जरी त्याचा हेतू निराळा होता. 'प्रथम' या संस्थेने मुंबई व बडोदे येथील शाळांत चालविलेल्या 'बालसखी' योजनेत तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुण शिकलेली मुलगी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन व अंकगणित शिकवीत असे. बॅनर्जी, कोल, डुफ्लो व लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणानुसार दुसऱ्या वर्षाअखेर या शाळांतील मुलांचे सरासरी गुण प्रमाणित विचलनाच्या ०.२८ पटीने वाढले. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातील सुमारे ०.१० एवढाच लाभ उरला, हेही त्यांनीच नोंदविले आहे. ज्या शिक्षकाच्या मनात ठेंगण्या, किडकिडीत मुलाविषयी 'याला गणित जमणार नाही' अशी समजूत घर करून असेल, त्याने या आकड्याकडे पाहावे. सहसंबंध ०.२० मानला तरी उंचीने गुणांतील विचरणाचा केवळ ४ टक्के भाग समजतो. उरलेल्या ९६ टक्क्यांत पाढे पाठ करवून घेणारी आई, चांगला शिक्षक, अभ्यासाला मिळालेला जिन्याखालचा दिवा हे सारे येते.

महाराष्ट्रात शरीरमापनाची परंपरा नवी नाही. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचे महाराष्ट्रातील मानवमितीवरील काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यांचा प्रश्न समूहांच्या परस्परसंबंधांचा होता. मुलांच्या उंचीस बुद्धीचे माप समजण्याची चूक ज्यास टाळावयाची असेल त्याने या परंपरेतून मोजण्याची शिस्त घ्यावी, निष्कर्ष घेऊ नयेत. शिस्तीविषयी दोन शब्द : उंची अनवाणी, अंबाडा सोडून आणि सर्व शाळांत दिवसाच्या एकाच प्रहरी मोजावी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मणक्यांच्या चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते, आणि सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांची तुलना करताना हे विसरले जाते. गुण शाळेच्या परीक्षेचे घेऊ नयेत. एकच प्रश्नपत्रिका वापरावी. शक्य तेथे एकाच घरातील भावंडांची तुलना करावी, मात्र चाकरमान्यांच्या कुटुंबांत एक मूल गावी आजीजवळ आणि दुसरे चाळीत आईजवळ वाढलेले असू शकते, हे विचारल्यावाचून राहू नये.

विकास खात्याच्या त्या चाळींचा पुनर्विकास आता सुरू असून २०२५ मध्ये वरळीतील काही कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. स्वतंत्र नळ व शौचकूप असलेल्या या घरांत जन्मणारी मुले आणि त्यांची जुन्या खोलीत जन्मलेली थोरली भावंडे यांची उंची व गणित आठ-दहा वर्षांनी ताडून पाहता येईल. त्यासाठी जन्मतारीख, जन्मस्थान, जन्माच्या वेळचे वजन आणि पहिल्या दोन वर्षांतील आजार यांच्या नोंदी आतापासूनच ठेवावयास हव्यात.